आतील स्नानगृहातील एक्झॉस्ट पंखा

ज्या स्नानगृहाची एकही भिंत इमारतीच्या बाहेरील मोकळ्या जागेला लागून नसते, तेथील ओलसर व दुर्गंधीयुक्त हवा बाहेर टाकण्यासाठी एक्झॉस्ट पंखा वापरला जातो. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील बहुमजली इमारतींत अशी स्नानगृहे बहुधा उभ्या वायुवीजन शाफ्टला लागून असतात. बोलीभाषेत या शाफ्टला ‘डक्ट’ म्हणतात. पंखा निवडताना त्याच्या आकाराइतकाच हवेचा बाहेर जाण्याचा आणि आत येण्याचा मार्ग महत्त्वाचा असतो.

पार्श्वभूमी

चाळींमध्ये शौचालये सामाईक असत व मोरी खोलीतच असे. स्वतंत्र सदनिकांच्या इमारतींत दोन्ही सोयी घरात आल्या, तर बाहेरील भिंती प्रामुख्याने खोल्यांच्या खिडक्यांसाठी वापरल्या गेल्या. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. या दोन्ही क्षेत्रांना २०२० मध्ये मंजूर झालेली राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मोकळ्या जागेकडे न उघडणाऱ्या स्नानगृहांसाठी तीत वायुवीजन शाफ्टची तरतूद असून इमारतीच्या उंचीनुसार शाफ्टचा किमान आकार वाढतो.

हवामानाचा परिणाम

कोकण किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर या काळात बाहेरील हवाच अतिशय दमट असते. त्यामुळे पंखा स्नानगृह पूर्ण कोरडे करू शकत नाही. मात्र गरम पाण्याची वाफ भिंतींवर साचण्यापूर्वी बाहेर टाकू शकतो. पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांहून अधिक राहिल्यास बुरशी वाढते. म्हणून अंघोळीनंतर पंखा किमान १५ ते २० मिनिटे चालू ठेवणे हितकारक असते.

क्षमतेची निवड

आवश्यक क्षमता काढण्यासाठी स्नानगृहाच्या घनफळास ताशी हवाबदलांच्या संख्येने गुणतात. उदाहरणार्थ, १.२ मीटर रुंद, २.१ मीटर लांब व २.४ मीटर उंच स्नानगृहाचे घनफळ सुमारे ६ घनमीटर होते. ताशी १० हवाबदल धरल्यास ६० घनमीटर प्रतितास हवा बाहेर जाणे आवश्यक ठरते. पंख्यावर छापलेला आकडा सहसा अडथळाविरहित प्रवाहाचा असतो. नळी, वळणे व जाळी यांमुळे प्रत्यक्ष प्रवाह घटतो. म्हणून निवडीत पुरेशी वाढ ठेवावी लागते.

प्रकार

* अक्षीय पंखा: भिंतीपलीकडे लगेच शाफ्ट असल्यास उपयुक्त. घरगुती वापरात सहा इंची पंखा प्रचलित आहे. लांब नळीतून हवा ढकलण्यास तो अपुरा पडतो.
* अपकेंद्री किंवा नळीतील पंखा: शाफ्ट दूर असून फॉल्स सीलिंगवरून नळी न्यावी लागत असल्यास योग्य. नळी शक्यतो आखूड, सरळ व गुळगुळीत असावी आणि तिला शाफ्टच्या दिशेने किंचित उतार असावा, म्हणजे साचलेले पाणी पंख्याकडे येत नाही.

शाफ्ट अनेक मजल्यांना सामाईक असल्याने पंख्याला बंद होणारी झडप आवश्यक असते. अन्यथा इतर सदनिकांतील दुर्गंधी घरात शिरते. शाफ्टऐवजी फॉल्स सीलिंगच्या पोकळीत हवा सोडल्यास ओल तेथेच साठते.

हवेचा प्रवेश

जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच आत यावी लागते. दार घट्ट बसत असल्यास खाली १५ ते २० मिलिमीटर फट किंवा दारात झडपांची जाळी ठेवतात. अशी वाट नसल्यास मोठा पंखाही निष्प्रभ ठरतो.

सुरक्षितता

एक्झॉस्ट पंखा हा गॅस गीझरच्या धोक्यावरील उपाय नाही. अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग व वास नसतो आणि तो बंद स्नानगृहात प्राणघातक ठरतो. हवा आत येण्याची वाट बंद असताना पंख्यामुळे खोलीतील दाब कमी होऊन गीझरचा धूर उलटा आत खेचला जाऊ शकतो. त्यामुळे गॅस गीझर स्नानगृहाबाहेर, हवेशीर जागी बसवावा. पंखा शॉवरच्या पाण्यापासून दूर असावा, त्याचे बटण बाहेर असावे आणि विद्युतजोडणीस भूसंपर्क व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा.

देखभाल

शाफ्ट सामाईक असल्याने त्याच्या भिंतीत भोक पाडण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेची परवानगी घ्यावी लागते. तुळई किंवा स्तंभ कापता येत नाही. कबुतरे रोखण्यासाठी शाफ्टच्या माथ्यावर पत्रा ठोकल्यास सर्व मजल्यांची हवा कोंडते. त्याऐवजी जाळी वापरतात. पाती व झडप यांवरील धूळ वेळोवेळी काढल्यास प्रवाह टिकतो आणि आवाज कमी राहतो.