‘लोक काय म्हणतील’मधले लोक बदलले

स्वतःविषयीचे मत माणूस एकट्याने बनवत नाही. इतरांच्या नजरेत आपण कसे दिसत असू याची कल्पना तो करतो आणि त्यावरून स्वतःला जोखतो, असे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये मांडले. मराठी घरांत हेच ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांत सांगितले जाते. सोशल मीडियाने बदलले ते यातले ‘लोक’.

नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरील महाविद्यालयांत शहरातील मुलांबरोबर सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी येथून आलेले विद्यार्थीही शिकतात. पूर्वी त्यांच्या तुलनेचा परीघ वर्ग, वसतिगृह आणि एसटीचा प्रवास एवढाच असे. २००४ मध्ये आलेल्या ऑर्कुटवरही मंडळी बहुधा ओळखीचीच होती. मित्राने लिहिलेले ‘टेस्टिमोनियल’ प्रोफाइलवर झळकले की कोण अभिमान! ती साइट २०१४ मध्ये बंद झाली. दरम्यान फेसबुकने २००९ मध्ये ‘लाइक’चे बटण आणले आणि कौतुक आकड्यांत मोजता येऊ लागले. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. आता पडद्यावर येतात ते प्रामुख्याने अनोळखी चेहरे.

जिथे पक्की मोजपट्टी नसते, तिथे माणूस आपल्यासारख्यांशी तुलना करून स्वतःला मोजतो, हा लिऑन फेस्टिंगर यांचा १९५४ चा सिद्धांत. अभ्यासाला गुणपत्रिका असते. रूप, राहणीमान, लोकप्रियता यांना नसते. शिवाय मोबाइलवर आपल्या रोजच्या दिवसाची तुलना होते ती दुसऱ्याच्या सणाच्या दिवसाशी.

याचा परिणाम विद्यार्थ्यांवरच तपासला गेला आहे. फेसबुक अमेरिकेतील महाविद्यालयांत एकाच वेळी नव्हे, टप्प्याटप्प्याने पोहोचले. त्याचा आधार घेऊन ब्रागिएरी, लेव्ही आणि माकारिन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फेसबुक आल्यानंतर विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य खालावल्याचे दिसले. महाविद्यालयाच्या आवाराबाहेर राहणारे आणि आर्थिकदृष्ट्या दुबळे विद्यार्थी यांना झळ अधिक बसली. खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या किंवा रोज तालुक्याहून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या नाशिकने या निष्कर्षाकडे विशेष लक्ष द्यायला हवे.

मात्र मोबाइल काढून घेणे हा उपाय नव्हे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ मध्ये १४३ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात तीन आठवडे प्रत्येक अॅपचा वापर दिवसाला दहा मिनिटांवर आणला गेला. तेवढ्यानेही एकटेपणा आणि नैराश्य कमी झाले. दुसरी बाजूही आहे. बागलाण, मालेगावकडचा विद्यार्थी शहरात आला की वर्गात अहिराणी बोलायला कचरतो. पण त्याच बोलीतील गाणी यूट्यूबवर कोट्यवधींनी पाहिली आहेत. आपली बोली लपवण्याची गोष्ट नाही, हे त्याला त्या पडद्यानेच दाखवले.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी पात्र समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. याखेरीज केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.