योगायोगाआधीची तयारी

मुळशीच्या धरणाकाठी अमावास्येचे आकाश कितीही निवळ असो, तिथून गॅमा किरण दिसत नाहीत. पृथ्वीचे वातावरण ते वाटेतच शोषून घेते. म्हणून दूरच्या गॅमा-स्फोटांचा इतिहास उपग्रहांपासून सुरू होतो, आणि तोही खगोलशास्त्रासाठी सोडलेल्या नव्हे. 1963च्या अणुचाचणीबंदी करारावर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या ‘वेला’ उपग्रहांनी 2 जुलै 1967 रोजी एक लखलख टिपली. ती बॉम्बची नव्हती. क्लेबेसाडेल, स्ट्राँग आणि ओल्सन यांनी अशा 16 स्फोटांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा 1973 साल उजाडले होते. निदान काही स्फोट तरी आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडून येतात, हे पक्के व्हायला 1997 उजाडावे लागले.

आपल्याकडे 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उडाला. 6 ऑक्टोबरला त्यावरचे सीझेडटीआय हे उपकरण सुरू झाले, आणि त्याच दिवशी एक गॅमा-स्फोट त्यात उमटला. तो उपकरणाच्या रोखापासून सुमारे 60 अंश बाजूला होता. याला ‘योगायोग’ म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. स्फोट त्या दिवशी झाला, हा योगायोग. तो हाती लागला, हा नव्हे.

साधारण 100 किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर या उपकरणाच्या भिंती किरणांना पारदर्शक होऊ लागतात, त्यामुळे आडबाजूचेही पकडता येतात. एका पिक्सेलवर आदळून शेजारच्या पिक्सेलमध्ये विखुरलेले फोटॉन मोजले, की प्रारणाचे ध्रुवीकरण समजते. ही पद्धत उड्डाणाआधीच जमिनीवर तपासलेली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ए. आर. राव, पुण्याच्या आयुकातील दीपंकर भट्टाचार्य आणि अहमदाबादच्या सहकाऱ्यांची वर्षांची मेहनत त्यामागे होती.

ध्रुवीकरण कशासाठी? स्फोटातला झोत चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर धावतो की तापल्या अग्निगोलाच्या, याचा माग त्यातून लागतो. पहिल्या वर्षातील 11 स्फोटांत बऱ्याच ठिकाणी ते जास्त भासले. पाच वर्षांतील 20 स्फोटांच्या 2022च्या यादीत मात्र बहुतेकांत कमी किंवा शून्याजवळ निघाले. स्फोट चालू असताना ध्रुवीकरणाची दिशा बदलत असेल, तर सरासरीत ते पुसले जाते. म्हणजे प्रश्न अजून खुला आहे. इतिहासकाराने निकालाआधीची ही तयारीच नोंदवून ठेवावी. नाहीतर उद्या तीही योगायोगाच्या खात्यात जाईल.