वाडी, बावखल आणि जपमाळ

वसईच्या पट्ट्यात गेल्या शतकात जगून गेलेल्या एखाद्या सामान्य कॅथलिक शेतकऱ्याचे चरित्र शोधू गेल्यास लेखी साधने फार थोडी सापडतात. एक म्हणजे धर्मग्रामाच्या, अर्थात एका चर्चच्या कक्षेतील भाविक समुदायाच्या, नोंदवहीत असलेल्या त्याच्या बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या आणि दफनाच्या ओळी, आणि दुसरे म्हणजे सातबाऱ्यावरील त्याचे नाव. या दोन कागदांच्या मधे जे आयुष्य गेले, ज्यात पहाटेचे पाणी, संध्याकाळची प्रार्थना, मुलांची लग्ने आणि वाडीची वाटणी होती, ते कोणत्याही दप्तरात उतरलेले नाही. आणि वसईचा इतिहास बहुतांशी किल्ला, तह व तोफा यांच्याभोवती लिहिला गेल्यामुळे, ज्या माणसाने ही भूमी पिढ्यान्‌पिढ्या हिरवी ठेवली तो त्या इतिहासात जवळपास दिसतच नाही. हा त्याच्यावर झालेला अन्याय आहे.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली आणि पुढील दोन शतकांत येथील शेतकरी, कोळी, भंडारी अशा समाजांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकल्यावर पोर्तुगीज निघून गेले, परंतु जमीन कसणारी कुटुंबे जागची हलली नाहीत, आणि ज्या राजसत्तेबरोबर त्यांचा धर्म आला होता ती गेल्यानंतरही त्यांनी तो सोडला नाही; म्हणूनच या समाजाच्या श्रद्धेचा विचार केवळ परकीय सत्तेची सावली म्हणून करता येत नाही. त्यांच्यातील ‘वाडवळ’ हे नाव वाडी, म्हणजे बागायती शेत, यावरून पडलेले आहे. सामवेदी ख्रिस्ती लोकांना ‘कुपारी’ म्हणतात आणि हा शब्द बाप्तिस्म्याच्या वेळी जुळणाऱ्या धर्मपित्याच्या नात्याला असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आला असे मानले जाते; त्यांची बोली कादोडी मात्र मराठीच्याच कुळातली आहे. एका समाजाला ओळख देणारे नाव शेतावरून आणि दुसऱ्याला देणारे नाव देवळातल्या नात्यावरून यावे, यातच या जीवनाचे दोन्ही धागे दिसतात.

या शेतीचे सर्वांत बोलके साधन म्हणजे बावखल. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले गोड्या पाण्याचे तळे, जे पावसाळ्यात भरते, झिरपून भोवतीच्या विहिरींना पाणी पुरवते आणि खाऱ्या पाण्याला आत शिरू देत नाही. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणा असलेल्या या भूमीत गोडे पाणी जपणे हाच शेतीचा पाया होता. विहिरीवर बैलांनी फिरणारा रहाट असे, पावसाळ्यात भात होई आणि बारमाही ओलाव्यावर केळी, पानवेली, भाजी व फुले पिकत. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी तर वसईची खूणच ठरली. मराठवाड्यात तेरणा नदीच्या खोऱ्यात, किल्लारी गावाच्या काळ्या जिरायत रानात पावसाच्या भरवशावर ज्वारी आणि तूर घेणाऱ्याला ही शेती श्रीमंत वाटेल, परंतु चुकीच्या वेळी किंवा बेसुमार पाणी उपसले तर ते खारट होईल ही धास्ती येथे कायम असे, आणि त्यामुळे पाण्याच्या बाबतीतला संयम हा या शेतकऱ्याच्या स्वभावाचाच भाग झाला.

त्याच संयमाचे घरातील रूप म्हणजे संध्याकाळची जपमाळ. दिवेलागणीला सगळे कुटुंब एकत्र बसून मरियामातेची प्रार्थना मण्यामण्याने म्हणे, आणि ती चालवण्याचे काम घरच्या कर्त्या माणसाचे किंवा आईचे असे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे चिंतन होई. उत्तर कोकणातील ख्रिस्ती घरांना त्यासाठी फ्रान्सिस्को वाझ द गिमारांइश याने १६५९ मध्ये रचलेले मराठी पुराण उपलब्ध होते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ त्याआधीच, १६१६ मध्ये, ओवीछंदात छापले गेले होते, म्हणजे येशूची कथा या लोकांपर्यंत पोहोचली ती ज्ञानेश्वर-एकनाथांच्या भाषेत. मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात ऑक्टोबरच्या आरंभी ‘आगेरा’ हा सण होतो, ज्यात नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून आशीर्वादित करून घेतल्या जातात. पीक देवापुढे ठेवल्याशिवाय घरात घ्यायचे नाही, ही भावना घाटावरच्या शेतकऱ्यालाही समजावून सांगावी लागणार नाही.

कॅथलिक परंपरेत संतपद प्रामुख्याने धर्मगुरूंना, व्रतस्थांना आणि हुतात्म्यांना मिळाले आहे. खुद्द वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन बंधू होते. जपानमधील नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्यांना क्रूसावर मृत्यू आला आणि १८६२ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. परंतु १२ मार्च १६२२ रोजी, वसईला येऊन गेलेल्या फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबरच, माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतात नांगर धरणारे इसिदोर हेही संत ठरवले गेले. ते विवाहित होते, त्यांना मूल झाले होते आणि त्यांनी कुठलाही मठ स्थापला नव्हता. बायकोमुलांसह, शेतातच पवित्र जीवन जगता येते हे चर्चने त्या दिवशी मान्य केले, आणि वाडीत राबणाऱ्या वसईच्या गृहस्थाची योग्यता मोजायची तर ती इसिदोर यांच्याच मापाने मोजावी लागते.

१८६४ मध्ये मुंबईपर्यंतचा लोहमार्ग पूर्ण झाल्यावर वाडीचा माल शहरात जाऊ लागला, त्या पैशातून मुले शिकली, आणि शिकलेली मुले नोकरीकडे वळली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बांधकामासाठी हरित पट्टा खुला होऊ लागला व टँकरसाठी विहिरींचा उपसा वाढला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचा लढा उभा राहिला. नंदाखाल या गावी १९४२ मध्ये जन्मलेले, ‘सुवार्ता’ या मासिकाचे अनेक वर्षे संपादक असलेले हे धर्मगुरू जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे, म्हणजे किल्लारी १९८२ पर्यंत ज्या जिल्ह्यात होती त्याच्याच मुख्य ठिकाणी, त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारीचे जुने गावठाण सुटले, घरे नव्या जागी उभी राहिली, परंतु कसायची शेते तीच राहिली. वसईत याच्या उलट घडले : घरे, चर्चे आणि दफनभूमी जागेवर आहेत, पण शेतांपैकी पुष्कळशी इमारतींखाली गेली आणि अनेक बावखले भरावाने बुजली. जी उरली आहेत त्यांच्या काठच्या विहिरींचे पाणी अजून गोड लागते.