कियारी विकृती विसंपीडन शस्त्रक्रिया

कियारी विकृती विसंपीडन शस्त्रक्रिया ही कवटीच्या मागील तळाशी केली जाणारी मेंदूची शस्त्रक्रिया आहे. कियारी विकृतीमध्ये लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळातील छिद्रातून मानेच्या पोकळीत उतरतो. त्यामुळे मेंदूचा देठ व मज्जारज्जू यांवर दाब येतो आणि मस्तिष्क-मेरुद्रवाचा प्रवाह अडतो. या ठिकाणचे हाड काढून जागा वाढवणे आणि द्रवाचा मार्ग मोकळा करणे हा शस्त्रक्रियेचा उद्देश असतो. मूळ रचनादोष तिने नाहीसा होत नाही. त्याचे परिणाम थांबवणे व शक्य तितके मागे फिरवणे एवढेच तिच्याकडून अपेक्षित असते.

विकृतीचे स्वरूप

कवटीच्या तळाशी असलेल्या मोठ्या छिद्राला महारंध्र म्हणतात. मेंदूचा देठ येथूनच मज्जारज्जूच्या रूपाने खाली जातो. लहान मेंदूच्या खालच्या टोकाशी दोन्ही बाजूंना असलेल्या गोलसर भागांना टॉन्सिल म्हणतात. घशातील टॉन्सिलशी त्यांचा संबंध नाही. हे भाग महारंध्राच्या पातळीखाली ५ मिलिमीटरपेक्षा अधिक उतरलेले असल्यास सर्वसाधारणपणे पहिल्या प्रकारची कियारी विकृती मानली जाते. अनेक रुग्णांत कवटीचा मागील कप्पा जन्मतः लहान असतो व त्यात लहान मेंदूला पुरेशी जागा मिळत नाही.

दुसऱ्या प्रकारात मेंदूच्या देठाचा भागही खाली सरकतो. हा प्रकार पाठीचा कणा जन्मतः उघडा राहिलेल्या बालकांमध्ये आढळतो. तिसरा प्रकार अतिशय दुर्मीळ व गंभीर आहे. प्रस्तुत लेखातील माहिती प्रामुख्याने पहिल्या प्रकाराविषयी आहे.

द्रवाचा प्रवाह अडल्यामुळे काही रुग्णांच्या मज्जारज्जूत द्रवाने भरलेली पोकळी तयार होते. या अवस्थेस सिरिंगोमायलिया म्हणतात. पोकळी वाढत गेल्यास आतील मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते.

इतिहास

ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ जॉन क्लीलँड यांनी १८८३ मध्ये या प्रकारच्या रचनादोषाचे वर्णन केले होते. प्राग येथे कार्यरत असलेले ऑस्ट्रियन विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी (१८५१–१९१६) यांनी १८९१ मध्ये त्याचे प्रकार पाडून पद्धतशीर मांडणी केली व १८९६ मध्ये तिचा विस्तार केला. दुसऱ्या प्रकाराला युलिउस आर्नोल्ड यांच्या १८९४ मधील वर्णनामुळे आर्नोल्ड-कियारी विकृती असेही म्हणतात.

१९५० च्या दशकात अमेरिकन शल्यविशारद जेम्स गार्डनर यांनी सिरिंगोमायलियाचा संबंध द्रवाच्या अडथळ्याशी जोडला. १९९४ मध्ये एडवर्ड ओल्डफील्ड व सहकाऱ्यांनी, प्रत्येक हृदयठोक्यासरशी खाली सरकणारे टॉन्सिल दट्ट्याप्रमाणे द्रवावर दाब देतात, असे स्पष्टीकरण मांडले. १९८० च्या दशकात एमआरआय तपासणी उपलब्ध झाल्यानंतर निदान खूपच सोपे झाले.

लक्षणे व निदान

डोक्याच्या मागील भागात उठणारी आणि खोकणे, शिंकणे, हसणे, कुंथणे किंवा वाकणे यांमुळे एकदम वाढणारी डोकेदुखी हे सर्वांत ठळक लक्षण होय. मानदुखी, तोल जाणे, चक्कर, गिळताना त्रास, आवाज घोगरा होणे व झोपेत श्वास थांबणे हीही लक्षणे आढळतात. सिरिंगोमायलिया असल्यास हातांतील ताकद कमी होते आणि खांदे व हातांवर उष्णता व वेदना जाणवेनाशी होते. स्वयंपाक करताना हात भाजला तरी कळत नाही. मुलांमध्ये पाठीच्या कण्याला आलेला बाक हे पहिले चिन्ह असू शकते.

ही लक्षणे अर्धशिशी, मणक्यांची झीज किंवा मानसिक ताण यांच्याशी मिळतीजुळती असल्याने निदानास अनेकदा विलंब होतो. मेंदू व संपूर्ण मज्जारज्जूच्या एमआरआयने निदान निश्चित होते. द्रवाची हालचाल दाखवणाऱ्या विशेष एमआरआयने अडथळा किती आहे हे समजते, तर मान व कवटीच्या सांध्यातील हाडांचा दोष सीटी स्कॅनमध्ये दिसतो.

शस्त्रक्रियेचा निर्णय

टॉन्सिल खाली उतरलेले असणे एवढ्यावरून शस्त्रक्रिया केली जात नाही. अन्य कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये ही विकृती योगायोगाने आढळलेल्या व कोणताही त्रास नसलेल्या व्यक्तींना सहसा केवळ नियमित तपासणीचा सल्ला दिला जातो. टॉन्सिल किती मिलिमीटर उतरले आहेत यावरून त्रासाची तीव्रता ठरत नाही.

खोकल्याने वाढणारी व जगणे असह्य करणारी डोकेदुखी, मेंदूच्या देठावरील दाबाची चिन्हे, वाढती अशक्तता किंवा सिरिंगोमायलिया असल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. खोकल्याशी संबंध नसलेली, संपूर्ण डोके व्यापणारी डोकेदुखी अन्य कारणाने असू शकते व ती शस्त्रक्रियेनंतरही कायम राहू शकते. त्यामुळे कोणते लक्षण या विकृतीमुळे आहे हे आधी ठरवणे महत्त्वाचे असते. बहुतेक वेळा शस्त्रक्रिया तातडीची नसल्याने दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास अवधी मिळतो. मात्र अशक्तता वाढत असल्यास विलंब हानिकारक ठरतो, कारण नष्ट झालेले मज्जातंतू पुन्हा कार्यरत होत नाहीत.

डोक्यात पाणी साचले असल्यास त्यावर आधी उपचार करतात. पहिले दोन मणके अस्थिर असल्यास ते स्थिर करण्याची शस्त्रक्रिया लागते. कियारी विकृतीचे मूळ कारणच या मणक्यांची अस्थिरता आहे, असे मत मुंबईतील मेंदू शल्यविशारद अतुल गोयल यांनी २०१५ मध्ये मांडले. हे मत वादाचा विषय ठरले असून, उघड अस्थिरता नसलेल्या रुग्णांत विसंपीडन हाच प्रचलित उपचार आहे.

कार्यपद्धती

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन केली जाते. रुग्णाला पालथे झोपवून डोके विशिष्ट चौकटीत स्थिर केले जाते. डोक्याच्या मागील उंचवट्यापासून मानेच्या वरच्या भागापर्यंत मध्यरेषेत छेद घेतात, त्यासाठी तेवढ्याच भागातील केस काढावे लागतात. स्नायू बाजूला करून महारंध्राच्या मागील हाडाचा सुमारे ३ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा आणि मानेच्या पहिल्या मणक्याची मागील कमान काढली जाते.

यानंतर मेंदूचे जाड बाह्य आवरण, म्हणजे ड्युरा, उघडायचे की नाही याबाबत दोन पद्धती आहेत. केवळ हाड काढल्यास शस्त्रक्रिया लवकर आटोपते व द्रवगळतीचा धोका कमी राहतो. पण पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता अधिक असते. ड्युरा उघडल्यास आतील चिकटलेले पडदे मोकळे करता येतात आणि आवश्यकतेनुसार टॉन्सिल आकसवता येतात. नंतर रुग्णाच्या कवटीवरील आवरणाचे किंवा कृत्रिम पदार्थाचे ठिगळ लावून ड्युरा पूर्वीपेक्षा सैल शिवला जातो.

धोके

मस्तिष्क-मेरुद्रवाची गळती हा सर्वाधिक आढळणारा धोका आहे. द्रव जखमेतून बाहेर येतो किंवा त्वचेखाली साचून मऊ फुगवटा तयार होतो. जंतुसंसर्गामुळे किंवा संसर्गाविना मेंदूच्या आवरणांचा दाह, डोक्यात पाणी साचणे, रक्तस्राव व मज्जातंतूंना इजा हे अन्य धोके होत. हाड प्रमाणाबाहेर काढल्यास लहान मेंदू त्या मोकळ्या जागेत खाली ओघळू शकतो. मृत्यूचे प्रमाण अल्प आहे.

रुग्णालयातील काळ

पहिली रात्र बहुधा अतिदक्षता विभागात काढावी लागते. श्वसन, गिळण्याची क्रिया व हातापायांची हालचाल यांवर लक्ष ठेवले जाते. मानेचे स्नायू कापलेले व ताणलेले असल्याने मान दुखणे व आखडणे हा पहिल्या आठवड्यातील मुख्य त्रास असतो. त्यासोबत मळमळही होते. वेदनाशामके व स्नायू शिथिल करणारी औषधे दिली जातात. रुग्णाला शक्य तितक्या लवकर उठवून चालवले जाते. गुंतागुंत नसल्यास सुमारे ३ ते ५ दिवसांत घरी सोडतात.

घरी घ्यावयाची काळजी

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढले जातात. पहिले ४ ते ६ आठवडे पाण्याची बादली, किराणा सामान, लहान मूल असे वजन उचलणे, खाली वाकणे व कुंथणे टाळण्यास सांगितले जाते. वेदनाशामकांमुळे होणाऱ्या बद्धकोष्ठतेवर सुरुवातीपासूनच उपाय करतात. मान दोन्ही बाजूंना वेदनेशिवाय वळेपर्यंत वाहन चालवू नये. दररोज थोडे चालणे हितकारक असते. मानेचे व्यायाम मात्र शल्यविशारदांच्या अनुमतीनेच सुरू करावेत. बैठे काम असणारे अनेक जण ६ ते १२ आठवड्यांत कामावर परततात. अंगमेहनतीच्या कामाला अधिक काळ लागतो.

ताप, वाढती डोकेदुखी, मान ताठरणे, जखमेतून पाण्यासारखा स्राव, जखमेखालील वाढता फुगवटा, सतत उलट्या, गिळण्यास त्रास किंवा नव्याने आलेली अशक्तता आढळल्यास त्वरित रुग्णालयाशी संपर्क साधणे आवश्यक असते.

परिणाम

खोकल्याने वाढणारी डोकेदुखी शस्त्रक्रियेने सर्वाधिक कमी होते. अनेकांना हा फरक काही दिवसांतच जाणवतो. सिरिंगोमायलियाची पोकळी बहुसंख्य रुग्णांत आकसते, परंतु त्यास कित्येक महिने लागतात. त्यामुळे साधारण ३ ते ६ महिन्यांनी एमआरआय पुन्हा केला जातो. बधिरपणा, हातांची अशक्तता व जळजळ ही दीर्घकाळ राहिलेली लक्षणे पूर्णपणे जातीलच असे नाही. ती वाढण्याची थांबणे हेही यश मानले जाते. शिकागो कियारी परिणाम मापनश्रेणीत वेदना, अन्य लक्षणे, कार्यक्षमता व गुंतागुंत या चार बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण देऊन ४ ते १६ या टप्प्यात परिणाम मोजतात.

सुधारणा क्वचितच सरळ रेषेत होते. बऱ्या दिवसानंतर पुन्हा दुखणारा दिवस येणे पहिल्या काही महिन्यांत सामान्य असते. बाहेरून व्रण वगळता काही दिसत नसल्याने रुग्णाचा थकवा कुटुंबीयांच्या व सहकाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, आणि घरकाम किंवा नोकरी वेळेआधी सुरू करण्याचा दबाव येतो. म्हणून विश्रांतीचा अपेक्षित कालावधी व कामांची वाटणी शस्त्रक्रियेपूर्वीच ठरवणे उपयुक्त ठरते. काही रुग्णांना लक्षणे परतल्यामुळे दुसरी शस्त्रक्रिया लागते. त्यामुळे बरे वाटत असले तरी काही वर्षे नियमित तपासणी सुरू ठेवली जाते.