शाहिराची संहिता आणि समीक्षेचा कान

एखाद्या लेखकाची उपेक्षा दोन प्रकारांनी होऊ शकते. त्याच्याविषयी मौन पाळणे हा पहिला प्रकार. त्याचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला सोयीची जागा देणे हा दुसरा. अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या बाबतीत मराठी समीक्षेने प्रामुख्याने दुसऱ्या प्रकाराचा अवलंब केला. शाहीर अण्णा भाऊ लोकसाहित्याच्या आणि राजकीय चळवळींच्या इतिहासाकडे सोपविले गेले; कादंबरीकार अण्णा भाऊ ग्रामीण वा दलित साहित्याचे पूर्वसूरी म्हणून नोंदले गेले. या विभाजनाचा इतिहास हा एका अर्थाने मराठी समीक्षेच्या निकषांचाच इतिहास होय.

अण्णा भाऊंचे जन्मगाव वाटेगाव हे वाळवा तालुक्यातील. हा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये तो नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. या प्रशासकीय तपशिलाला वाङ्मयीन अर्थही आहे. सातारा-सांगलीच्या या पट्ट्यात तमाशाची परंपरा सलग होती. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत सत्यशोधक जलशांनी त्याच तमाशाच्या घाटात भटशाही आणि सावकारी यांवर टीका करण्याचा पायंडा पाडला. पुढे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने या गावांना राजकीय निर्भयतेचा अनुभव दिला. अण्णा भाऊंनी तरुणपणी नात्यातील बापू साठे यांच्या तमाशात उमेदवारी केली होती. म्हणजे मुंबईच्या गिरणगावात कम्युनिस्ट पक्षाशी संबंध येण्यापूर्वी वा त्याच्या बरोबरीने, त्यांच्या कलेची घडण या भूमीत झालेली होती.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांच्या लोकनाट्यांतील बदल सुपरिचित आहेत: गणातील गणेशवंदनेच्या जागी श्रमिकांना वा मातृभूमीला वंदन आले, गवळण गळाली, वगातील राजाची जागा सावकार, शेटजी किंवा मंत्री यांनी घेतली. या बदलांना केवळ पक्षीय प्रचाराची गरज मानले, तर त्यांची जलशांशी असलेली नाळ दिसेनाशी होते. गणातील देवतेचा प्रश्न सत्यशोधकांनी आधीच उपस्थित केला होता. अण्णा भाऊंनी त्या प्रश्नाला वर्गीय आशय दिला आणि सोंगाड्याच्या हजरजबाबीपणाला राजकीय विश्लेषणाचे काम दिले. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. सत्तेला या प्रयोगांचे सामर्थ्य समीक्षेच्या आधी उमगले, असे म्हणावे लागते.

त्या काळातील समीक्षेचे लक्ष वेगळ्या प्रश्नांकडे होते. बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथांनी कलेच्या स्वायत्ततेचा आणि लयतत्त्वाचा विचार मध्यवर्ती केला. ज्या मर्ढे गावावरून त्यांचे आडनाव आले तेही साताऱ्याचेच, हा योगायोग बोलका आहे. मर्ढेकरांच्या मते साहित्याचे माध्यम भावनात्मक अर्थ हे होय. या भूमिकेतून संहितेच्या अंतर्गत संघटनेचा सूक्ष्म विचार शक्य झाला, हे तिचे ऋण मान्यच करावे लागेल. परंतु डफ, तुणतुणे, झीलकऱ्यांनी उचललेला सूर, मैदानातील कामगारांचा प्रतिसाद यांना त्या व्यवस्थेत स्थान नव्हते. छापील पुस्तिका समोर ठेवून वाचणाऱ्याला पुनरुक्ती दिसते. ऐकणाऱ्याला तीच पुनरुक्ती झील म्हणून जाणवते. ‘प्रचारकी’ हा शिक्का बऱ्याचदा या अंतरातून उमटलेला आहे. १९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडात पंक संगीत पुढे आले, तेव्हा तेथील समीक्षेपुढेही ओबडधोबडपणा हा दोष मानावा की घाट, असा प्रश्न उभा राहिला. तेथे निदान ध्वनिमुद्रिका हाती होत्या. येथे बहुतांश प्रयोग हवेत विरले आणि संहिता तेवढी उरली.

१९५९ मध्ये ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली आणि स्वागताची दिशा बदलली. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची प्रस्तावना तिला लाभली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. कादंबरी हा प्रतिष्ठित वाङ्मयप्रकार असल्याने शिष्ट अभिरुचीला तिच्याशी संवाद करणे सोपे गेले. मात्र अद्भुतरम्यता आणि नायकाचे आदर्शीकरण हे आक्षेप तिच्याभोवती कायम राहिले. या आक्षेपांचा फेरविचार आवश्यक आहे. राणोजीने जोगिणी आणताना गमावलेले प्राण, मांगांवर लादलेली सरकारी हजेरी, दुष्काळात उपाशी माणसांसाठी घातलेले दरोडे, ओलीस धरलेल्या आप्तांसाठी फकिराने पत्करलेली शरणागती, हे प्रसंग मनोविश्लेषणात्मक कादंबरीप्रमाणे व्यक्तीच्या अंतर्मनाकडे जात नाहीत. ते पोवाड्याच्या चौकांप्रमाणे एकामागून एक उभे राहतात आणि प्रत्येक चौक समूहाच्या प्रतिष्ठेशी येऊन थांबतो. पोवाड्याचा नायक अतिशयोक्तीनेच घडतो. फरक इतकाच, की येथे ती अतिशयोक्ती सरदाराच्या वाट्याला न येता वसाहतवादी कायद्याने गुन्हेगार ठरविलेल्या जातीतील माणसाच्या वाट्याला आली. शाहीर वजा करून कादंबरीकार वाचता येत नाही, तो या अर्थाने.

दलित समीक्षेनेही त्यांना निःसंकोचपणे स्वीकारले असे नाही. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. तरीही सत्तरीनंतरच्या विद्रोही लेखनाच्या तुलनेत त्यांचा आशावाद अनेकांना जुन्या वळणाचा वाटला, आणि मार्क्सवादी निष्ठेमुळे त्यांचे स्थान पूर्वसूरीपुरते सीमित राहिले. शरद् पाटील यांच्या ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९८८) आणि शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथांनी निकषांचीच पुनर्मांडणी आरंभली, तेव्हा वर्ग आणि जात यांच्या सांध्यावर उभ्या असलेल्या या लेखकाकडे नव्याने पाहण्याची शक्यता निर्माण झाली. ‘माझी मैना’ ही छक्कड या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. गावी राहिलेल्या पत्नीचा विरह आणि संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखाचे दुःख तीत एकाच भावबंधात येतात. शृंगारिक छक्कडीचा रूढ संकेत न मोडता तिला राजकीय अर्थ दिला जातो. येथे घाट आणि आशय वेगळे काढता येत नाहीत. स्वायत्ततावादी समीक्षेची कसोटीही याहून निराळी नव्हती.

पुढे १९९८ मध्ये शासनाने निवडक वाङ्मय प्रसिद्ध केले, २००२ मध्ये टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. गौरव झाला; परंतु गौरव हा समीक्षेचा पर्याय नव्हे. पुतळ्याशी वाद घालता येत नाही, आणि ज्याच्याशी वाद घातला जात नाही तो लेखक हळूहळू वाचला जाईनासा होतो. अण्णा भाऊंच्या कादंबऱ्यांत सैल रचना आहे, घाईने केलेले शेवट आहेत; ते सांगितलेच पाहिजे. मात्र कोणती सैलता निष्काळजीपणाची आणि कोणती मौखिक परंपरेची, हा विवेक करण्यासाठी समीक्षेला पानाबरोबर फडाचाही अभ्यास करावा लागेल. वाटेगावच्या तमाशापासून गिरणगावाच्या मैदानापर्यंतचा तो फड वाङ्मयेतिहासात आणणे, हे काम अद्याप पुरे झालेले नाही.