कोर्लईतली दिवेलागण

पनवेलच्या स्टँडवर अलिबागची एसटी पकडा, खिडकीशी बसा आणि शंभरेक वर्षं मागं चला. अलिबागवरून पुढं रेवदंड्याला पोचाल तेव्हा खाडीवरचा पूल दिसायचा नाही. काठावर होडीवाला हाका मारतोय. चपला हातात घ्या, धोतर असो की लुगडं, गुडघ्यापर्यंत खोचा आणि चिखल तुडवत चढा. एका बाजूला कोंबड्यांची पाटी, दुसऱ्या बाजूला तांदळाचं पोतं, कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत. ऑक्टोबरचं ऊन पाण्यावरून उसळून तोंडावर येतंय.

कोर्लईच्या काठाला लागायच्या आधीच वास येतो: वाळत घातलेली मासळी, ओली जाळी, चुलींचा धूर. वर डोंगरावर किल्ला आहे. पोर्तुगीज केव्हाच गेले. तोफा गंजत पडल्यात. खाली गावात मात्र बायका मोठमोठ्यानं बोलताहेत ती पोर्तुगीज आणि मराठी एकमेकींत मुरून झालेली भाषा, नोलिंग. कान देऊन ऐका. वाक्य निसटेल, पण मध्येच एखादा ओळखीचा शब्द हाती लागेल.

अंधारून येतं आणि माउंट कार्मेल मातेच्या चर्चची घंटा होते. गल्ली जागच्या जागी थांबते. डोक्यावर पाटी असलेली बाई पाटीसकट उभी. गाब्रिएल दूतानं मारियेला दिलेल्या निरोपाची ही प्रार्थना. तुम्हीही थांबा, फक्त कोंबड्या थांबत नाहीत.

आता या घरात वाकून शिरा, चौकट ठेंगणी आहे. चिमणीच्या काजळीनं नाक चुरचुरतं. सगळे गुडघ्यांवर बसून माळ जपताहेत. जमीन टणक, डास पोटऱ्यांना चावताहेत, धाकटा पेंगतोय. माळ संपली तरी आजी पोरांना उठू देत नाही. आज 2 ऑक्टोबर, रक्षक दूतांचा सण. ती एकेकाकडून दूताची छोटी प्रार्थना म्हणून घेते: देवानं मला तुझ्या हाती सोपवलंय, उजेड दाखव, जपून ने. धाकट्याचे शब्द अडखळतात. आजी त्याच्या कपाळावर क्रूस काढते, तिच्या बोटांना सुकटीचा वास आहे.

मग गोष्ट. बायबलातला तोबिया परमुलखात निघतो. सोबतीला एक अनोळखी वाटाड्या आणि घरचा कुत्रा. नदीत भला मोठा मासा त्याच्यावर झेपावतो. वाटाड्या म्हणतो, भिऊ नकोस, धर त्याला, काळीज आणि पित्त जपून ठेव. इथं पोरं पुढं सरकतात. मासा साफ करताना पित्त फुटू द्यायचं नसतं, हे त्यांना रोजचं ठाऊक. त्याच पित्तानं तोबियाच्या आंधळ्या बापाला दृष्टी येते आणि वाटाड्या सांगतो, मी राफाएल, देवाचा दूत.

या पोरांचा बाप आज रात्री समुद्रावर आहे. मोठी मुलगी विचारते, बाबाचा दूत होडीत बसतो का? आजी म्हणते, “त्याच्याच बाजूला.” वारा वाढलाय. आजी हे सांगते ते धीर द्यायला म्हणून नाही, तिला ते खरंच माहीत आहे. ती दूताची पूजा करत नाही, पूजा देवाचीच. दूत म्हणजे देवानं जन्मापासून मरेपर्यंत दिलेली सोबत. ही वाटणी मला फार मोलाची वाटते: राजालाही दूत एकच आणि होडीवाल्यालाही एकच. त्यासाठी किल्ला लागत नाही, वशिला लागत नाही, पाद्री गावात नसला तरी चालतं.

या आता परत. 2 ऑक्टोबरला गांधीजयंतीची सुट्टी असतेच, त्या दिवशी कोर्लईला जाऊन या. किल्ला बघालच, पण गावातही थांबा आणि कुणी बोलतं झालं तर नोलिंग ऐका. ती बोलणारी माणसं आता हजाराच्या आसपासच उरली आहेत.