साडेबारा टक्के

नवी मुंबईच्या इतिहासावर बोलणारे लोक एक वाक्य फार सहज टाकतात: आगरी-कोळ्यांना नव्या शहराच्या योजनेतलं काही कळलंच नाही. भात, मीठ आणि मासळी यापलीकडचं जग न पाहिलेली माणसं. त्यांच्यासमोर आर्किटेक्ट, इंजिनियर आणि नकाशे. मग व्हायचं तेच झालं. मी घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकत वाढलो आणि पुढे त्या काळाबद्दलचं छापील साहित्यही हाती लागेल तसं वाचलं. माझं मत नेमकं उलट आहे. त्यांना योजना कळली होती. तिच्यातला मुख्य डाव तर भल्याभल्यांच्या आधी कळला होता.

तो डाव आधी सांगतो. 1961 च्या जनगणनेत मुंबई साडेएक्केचाळीस लाखांची होती, 1971 ला ती साठ लाखांना टेकली. बेट लांबट आणि चिंचोळं, सकाळी सगळी गर्दी दक्षिणेला आणि संध्याकाळी उलटी. 1965 मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी सुचवलं की खाडीपलीकडे, ठाणे ते उरण या पट्ट्यात, मुंबईला जोड शहर वसवावं. शिरीष पटेल म्हणजे केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल बांधणारे इंजिनियर. पुढे हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळात नियोजनाची आणि बांधकामाची जबाबदारी त्यांच्याकडेच आली. कल्पना मोठी होती आणि तिच्यातलं अर्थशास्त्र सोपं होतं. सगळी जमीन सरकारनं शेतीच्या भावानं एकदम घ्यायची, तिच्यात रस्ते, पाणी, गटारं घालायची, मग ती भूखंड पाडून टप्प्याटप्प्यानं विकायची. शहर जसं वाढेल तसा भाव वाढेल, आणि त्या वाढीतूनच पुढचं शहर बांधलं जाईल. 17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली. 95 गावं, 344 चौरस किलोमीटर, आणि वीस लाख माणसांचं स्वप्न.

सरकारनं स्वतःही इकडे यावं, म्हणजे त्याच्यामागे कचेऱ्या आणि नोकऱ्या येतील, असा त्या तिघांचा आग्रह होता. सरकार आलं नाही. त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून टॉवर उठत होते आणि 1981 मध्ये नवं विधान भवनही तिथंच उभं राहिलं. आमच्या वाट्याला विभागीय कचेऱ्यांचं कोकण भवन आलं.

आता आजा. आमचं गाव आज ज्याला पाम बीच रोड म्हणतात त्याच्या आतल्या बाजूला. रस्ता नव्हता तेव्हा तिथं खार होती. बाहेरच्या माणसाला खारजमीन म्हणजे पडीक चिखल वाटतो. आजा मात्र ती सांगायला लागला की तासभर थांबत नसे. भरतीचं पाणी अडवायला बाहेरून मोठा बांध घालायचा. आत आलेली जमीन लगेच पिकत नाही. काही पावसाळे तिच्यातलं मीठ धुऊन जाऊ द्यायचं. मग खारं सोसणारा लाल भात टाकायचा. पावसाचं पाणी बाहेर काढायला बांधात उघाडी ठेवायची. तिचं दार असं बसवलेलं की भरतीला समुद्राच्या जोरानं ते आपोआप मिटतं, आणि ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. उघाडीच्या तोंडाशी जिताडा मासा मिळायचा, तो वेगळा हिशोब; पावसाळ्यातला जिताडा कुणाच्या घरी पाठवायचा यावरून गावात भांडणं झालेली आहेत.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला गावातला प्रत्येक घरचा माणूस बांधावर. रात्री कंदील घेऊन फिरायचं, कुठं पाणी झिरपतंय ते पायाला कळतं. एका ठिकाणी खांड पडली की एकाचंच शेत जात नाही, अख्खी खार जाते आणि पुढची दोन-तीन वर्षं मिठाची होतात. त्यामुळे बांधाचं काम कुणी टाळलं की त्याला गावकी जाब विचारायची. हे काही आमच्याच गावाचं वैशिष्ट्य नव्हे. जुन्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री नावाची पद्धत होती: ज्यानं बाहेरचा बांध घातला आणि राखला, त्याला खारीतले कसणारे बिघ्यामागे मणभर भात देत. बांधाची दुरुस्ती त्यातून व्हायची. काही ठिकाणी खोतांनी भात घेतला आणि बांध विसरले, ती कथा निराळी. पण तत्त्व पक्कं होतं. जमीन जो घडवतो त्याचा तिच्या उत्पन्नात कायमचा वाटा.

आजाचं बोलणं एकच असायचं. “ही जमीन देवानं नाय दिली, बाला. आमी ती दर्यातून काढली.” लहानपणी मला ही बढाई वाटायची. नंतर शहराचे नकाशे पाहिले तेव्हा लक्षात आलं, नियोजनकारांनी त्या जागेवर निळ्या-हिरव्या रंगात सखल प्रदेश दाखवला होता, आणि त्यातले बांध जुन्या सर्व्हेच्या बारीक रेघांत बुडून गेले होते.

मोठा काका शहरासाठी झालेल्या नव्या सर्व्हेत चेनमन होता. गावातल्या धडधाकट पोरांना रोजावर घेत, साखळी धरायला आणि लाल-पांढरी काठी उभी करायला. काकाला ते काम फार आवडलं होतं, पँट घातलेले इंजिनियर त्याला नावानं हाक मारत म्हणून. त्यातल्या एका तरुण साहेबानं विचारलं, उधाणाचं पाणी कुठवर येतं? काकानं बांधावरचा एक दगड दाखवला. साहेबानं वहीत लिहून घेतलं, आणि मग म्हणाला, पाऊस आणि भरती एकदम आली तर? काका म्हणाला, मग उघाडी मिटते आणि पानी आत साठतं, त्याला जागा ठेवायची, तिथं भात लावायचा नाही.

आज वाशी, सानपाडा, नेरुळ, बेलापूर इथले होल्डिंग पाँड पाहावेत. शहरातलं पावसाचं पाणी नाल्यांतून तलावात येतं, भरतीला झडपेचं दार मिटतं, ओहोटीला उघडतं. पुस्तकं हॉलंडचं नाव घेतात. काका त्या दगडाचं घेतो. मी दोघांनाही खोडत नाही. खाडीकाठी राहणाऱ्या माणसांना सगळीकडे तेच सुचत असणार. एवढं मात्र म्हणतो की पाण्याच्या बाबतीत सिडकोचे इंजिनियर पहिल्यापासून नम्र राहिले, आणि भर पावसात मुंबई तुंबते तेव्हा त्या नम्रतेचं फळ वाशीकर चाखतात. आता त्या तलावांत गाळ भरला आहे आणि गाळावर तिवरं उगवली आहेत. तिवरांना हायकोर्टाचं संरक्षण आहे, त्यामुळे गाळ काढायलाही परवानगी लागते. आजाच्या वेळी गाळ दर वर्षी काढत आणि तोच बांधावर टाकत.

आजी या सगळ्यात वेगळीच होती. तिला जमिनीपेक्षा बाजार कळायचा. 1973 मध्ये खाडीवरचा पूल सुरू झाला. त्याआधी मुंबई म्हणजे होडीनं पलीकडे नाहीतर ठाण्याला वळसा; पुलानंतर ती टोपली घेऊन बसनं जायला लागली. वाशीच्या पहिल्या सेक्टरांत चाकरमानी राहायला आले, ते तिचे गिऱ्हाईक झाले. त्यांच्या दारात बसून तिनं भूखंडांचे भाव ऐकले आणि एका संध्याकाळी घरी येऊन जे सांगितलं ते आमच्या घरात म्हण झालं आहे: आपल्या एकराचा भाव त्यांच्या गुंठ्याला लागला. एकरात चाळीस गुंठे. आजी शाळेत गेली नव्हती. ‘मार्ग’च्या अंकातला तो सगळा सिद्धांत तिनं मासळीच्या टोपलीवर मांडून दाखवला, आणि पुढचा प्रश्नही तिनंच विचारला: मधले एकोणचाळीस कुणाचे?

योजनेचं खरं उत्तर होतं की त्या पैशातून रस्ते, पाणी, शाळा, पुढचे सेक्टर झाले. उत्तर खोटं नव्हतं. पण ज्यांनी खार घडवली त्यांचा त्यात वाटा कुठं, हे त्या उत्तरात नव्हतं, आणि शिलोत्रीच्या मुलखात ते खटकणं स्वाभाविक होतं.

सुरुवातीची आंदोलनं भावाची होती, मोबदला वाढवून द्या म्हणून. त्यांचं नेतृत्व दि. बा. पाटील करत होते. जासईचे, वकील, शेतकरी कामगार पक्षाचे, आमदार आणि पुढे खासदार. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण परिसरात मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जणांचा जीव गेला. काका त्या मोर्चात होता. तो गोळीबारापेक्षा आदल्या रात्रीबद्दल जास्त बोलतो, कारण त्या रात्री वाद पेटला होता. म्हातारे म्हणत होते, भाव वाढवून घ्या आणि मोकळे व्हा. तरुण म्हणत होते, पैसा संपतो. जमीनच परत मागा, पण शेत म्हणून नव्हे, रस्ता-पाणी घातलेली. आजानं तरुणांची बाजू घेतली. त्याचं कारण भावनिक नव्हतं. तो म्हणाला, भाव एकदाच येतो, वाटा दर वर्षी.

लढ्यातून निघालेला तोडगा तोच: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला. 1990 मध्ये तो सरकारी निर्णयात आला, 1994 मध्ये सुधारला. त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापून पावणेनऊ टक्केच हाती येत, हे लोकांना पुष्कळ उशिरा उमगलं. तरी बोलण्यात आकडा साडेबाराच राहिला. माझ्या दृष्टीनं हा निर्णय म्हणजे सरकारनं दिलेली जादा भरपाई नव्हे. वाढत्या भावातून शहर उभं करायचा तोच डाव शेतकऱ्यांनी ओळखला आणि त्यात भागीदारी मागितली.

मग भागीदारीचं काय झालं? पुष्कळांनी ती विकली. भूखंडाचं पत्र हातात पडण्याआधीच बिल्डरच्या दलालाकडे कुळांच्या याद्या होत्या. आमच्या भावकीतले दोन भूखंड असेच गेले, एकाच्या पैशातून लग्नं आणि गाडी, दुसऱ्याच्यातून एक बरी इमारत, जिच्या तळमजल्यावर चुलतभाऊ औषधाचं दुकान चालवतो. दोन्हींबद्दल घरात अजून वाद होतात आणि दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या आहेत.

नियोजनाची चूक मला दुसरीकडे दिसते. शहर वीस लाखांपर्यंत वाढणार हे कागदावर होतं. गावठाण मात्र जसं होतं तसं रेघेत बंद केलं. गावात पोरं होतील, त्यांची लग्नं होतील, भिंतीला भिंत लागेल, याचा हिशोबच नव्हता. भोवती सेक्टर, मध्ये गाव. मग गावाच्या कडेला, संपादित जमिनीवर घरं उठली, ज्यांना आज सरकारी भाषेतही ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. त्यांत एक मजला गरजेचा आणि वरचे चार भाड्याचे, हेही खरं. कुठल्याही नवीन वसाहतीचा आराखडा पाहताना मी आता आधी जुनं गाव शोधतो आणि त्याच्या कडेला किती जागा सोडली आहे ते बघतो.

वाट्याची कल्पना मात्र पुढे सरकत राहिली. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी जमीन विकायचं नाकारून एकत्र कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागधारक झाले. चारशेहून अधिक एकरांचं उपनगर त्यांनी स्वतः उभं केलं. आमच्याकडे विमानतळासाठी उलव्याची टेकडी फुटली, नदीचं पात्र वळलं, दहा गावं उठली, तेव्हा देकार साडेबावीस टक्क्यांचा होता. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून 2021 च्या जूनमध्ये जी गर्दी रस्त्यावर आली, तिच्यातल्या पुष्कळांचा जन्म 1984 नंतरचा.

आता विमानतळाच्या भोवती ‘नैना’ नावाचं नवं क्षेत्र आखलं आहे. तिथं नगररचना योजनेत शेतकऱ्याला चाळीस टक्के भूखंड परत मिळतो. पनवेलकडचा एक भाचा मागच्या दिवाळीत मोबाईलवर त्याचा नकाशा घेऊन काकाकडे आला. काकाची नजर अधू झाली आहे, त्यानं नकाशा मोठा करून घेतला. चाळीस म्हटल्यावर त्याचा चेहरा फारसा फुलला नाही. म्हणाला, “चाळीस कशाचे ते सोड. तुझ्या प्लॉटासमोरचा रस्ता किती रुंद, न् नाला कुठून नेलाय, ते आदी दाखव.” भाच्याला रस्ता सापडला. नाला शोधत दोघं जेवणाची वेळ होईपर्यंत बसले होते.